आठवीचा इतिहास: पेपर जवळ आला की मला हमखास विचारले जाणारे प्रश्न

आमची सोसायटी पुण्यात, कर्वेनगरला. परीक्षा जवळ आली की संध्याकाळी सातनंतर आमच्या हॉलमध्ये आठवीची सहा-सात पोरं वह्या पसरून बसलेली असतात. क्लास नाही, फी नाही, मी इतिहासात एमए केलंय हे कुणीतरी लिफ्टमध्ये बोललं आणि तेव्हापासून जे सुरू झालं ते थांबलंच नाही. पोरं दरवर्षी नवी पण प्रश्न तेच, शब्दसुद्धा तेच, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. पुस्तक बालभारतीचं धरलंय, म्हणजे युरोपातले लोक इथे आले तिथपासून महाराष्ट्र राज्य झालं तिथपर्यंत. दुसऱ्या बोर्डवाल्यांनी आपापले धडे जुळवून घ्या, माणसं आणि सालं तीच आहेत.

ताई, चौदा धडे आहेत आणि चारच दिवस राहिलेत, सुरुवात कुठून करू?

पहिल्या धड्यापासून नको. इतिहासाची साधने हा धडा सोपा आहे, तो रिक्षात बसूनही होतो, आणि नेमका तोच सगळ्यांचा चार वेळा वाचून झालेला असतो कारण दर वेळी "पहिल्यापासून करू" म्हणून बसतात आणि तिसऱ्या धड्यावर झोप येते.

आधी एक गोष्ट समजून घ्या, ही कळली तर निम्मा गोंधळ जातो. पुस्तकातले धडे सालाच्या क्रमाने सरळ जात नाहीत. नवव्या धड्यात तुम्ही १९४२ आणि आझाद हिंद सेनेपर्यंत पोचता आणि दहावा धडा उघडला की एकदम १८७९ चे वासुदेव बळवंत फडके समोर येतात. मग अकराव्यात कामगार, शेतकरी, स्त्रिया, दलित यांचे लढे, तेही पुन्हा मागून सुरू. पोरांना वाटतं हे सगळं १९४२ नंतर झालं! गेल्या वर्षी एकाने चाफेकर बंधूंना छोडो भारत चळवळीत घातलं होतं, आणि उत्तर इतकं आत्मविश्वासाने लिहिलेलं की मीच क्षणभर पुस्तक उघडून बघितलं.

त्यामुळे पहिल्या दिवशी वाचायचं नाही, एक मोठा कागद घ्यायचा. जुन्या कॅलेंडरची मागची बाजू सगळ्यात बेस्ट. त्यावर १७५७ ते १९६१ अशी आडवी रेघ मारायची आणि तिच्याखाली तीन ओळी करायच्या: एक काँग्रेस आणि गांधीजींची, एक सशस्त्र क्रांतिकारकांची, एक समाजसुधारणा आणि समतेची. मग पुस्तक चाळत चाळत प्रत्येक घटना आपापल्या ओळीत टाकायची. हे करायला दोन-अडीच तास जातात आणि घरचे म्हणतात चित्रं काय काढतोयस अभ्यास कर, म्हणू द्या, हाच अभ्यास आहे. कारण मग तुम्हाला आपोआप दिसतं की १९३० मध्ये गांधीजी दांडीला चाललेत त्याच मार्च महिन्यात बाबासाहेबांचा नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झालाय आणि लाहोरला भगतसिंगांवर खटला चाललाय. तीन धड्यांत विखुरलेलं सगळं एकाच वर्षात.

दुसऱ्या दिवशी १८५७ पर्यंतचं, तिसऱ्या दिवशी प्रबोधनापासून असहकारापर्यंत, चौथ्या दिवशी उरलेलं. हो, चौथा दिवस जड जाणार, त्याला इलाज नाही, चार दिवसांवर ठेवलं कुणी?

सनावळ्या पाठच होत नाहीत. काही ट्रिक?

ट्रिक म्हणाल तर "म्हणून". साल सुटं पाठ करायला गेलात तर ते सुटंच राहतं आणि पेपरात नेमकं हातातून निसटतं. त्याऐवजी घटना एकमेकींना "म्हणून"ने बांधा आणि मोठ्याने बोला. आमच्याकडे हा खेळच आहे, एकाने वाक्य म्हणायचं, पुढच्याने "म्हणून" म्हणून पुढची घटना जोडायची, अडकला तो पाणी आणायला जाणार.

बघा कसं जातं. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीला लढाई झाली, दुसरा बाजीराव हरला, म्हणून १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं. पुढच्या वर्षी बाजीराव शरण आला, म्हणून त्याला वर्षाला आठ लाख पेन्शन देऊन कानपूरजवळ ब्रह्मावर्तला पाठवला. तिथे त्याने मुलगा दत्तक घेतला, तेच नानासाहेब पेशवे. १८५१ ला बाजीराव वारला आणि कंपनीने पेन्शन बंद केली, म्हणून नानासाहेब नाराज, आणि १८५७ ला कानपूरला उठावाचं नेतृत्व कोणी केलं? नानासाहेबांनी. उठाव मोडला पण इंग्लंडला कळलं की कंपनीच्या हातात हा देश ठेवणं धोक्याचं, म्हणून १ नोव्हेंबर १८५८ ला राणीचा जाहीरनामा आणि कंपनी बाद. शनिवारवाड्यापासून निघून राणीपर्यंत पोचलो, मध्ये एकही साल घोकलं नाही.

जिथे "म्हणून" चालत नाही तिथे जोड्या लावा. १८४८ ला डलहौसीने साताऱ्याचं राज्य खालसा केलं आणि त्याच वर्षी पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. २४ सप्टेंबर ही तारीख तर पुण्याची दोनदा आहे, १८७३ ला सत्यशोधक समाज आणि १९३२ ला पुणे करार. ६ एप्रिल पण दोनदा: १९१९ ला रौलट कायद्याविरुद्ध देशभर हरताळ, आणि १९३० ला दांडीला मीठ उचललं ते मुद्दाम त्याच दिवशी, कारण ६ ते १३ एप्रिल हा राष्ट्रीय सप्ताह पाळायचे. १३ एप्रिल म्हणजे काय ते सांगायला नको, जालियनवाला बाग.

असहकार, सविनय कायदेभंग, छोडो भारत. तिन्ही सारखंच वाटतं, एकाची उत्तरं दुसऱ्यात जातात.

हा प्रश्न दरवर्षी पहिल्या दिवशी येतो आणि तो बरोबरच आहे, कारण तिन्हीकडे गांधीजी आहेत, तिन्हीकडे लोक तुरुंगात जातात, तिन्हीकडे हरताळ.

असहकार म्हणजे तुमचं राज्य आमच्या मदतीवर चाललंय ना, मग आम्ही मदत काढून घेतो. शाळा-कॉलेज सोडा, कोर्टात जाऊ नका, पदव्या परत करा, परदेशी कापड नको. इथे कायदा मोडायचा नाहीये, फक्त हात काढून घ्यायचा. १९२० ला सुरू, आणि फेब्रुवारी १९२२ मध्ये चौरीचौऱ्याला जमावाने पोलीस ठाणं पेटवलं आणि त्यात पोलीस मेले म्हणून गांधीजींनी स्वतःच थांबवली.

सविनय कायदेभंगात एक पाऊल पुढे, इथे कायदा उघडपणे मोडायचा आणि शिक्षा निमूट भोगायची. १२ मार्च १९३० ला साबरमतीहून ७८ सत्याग्रही घेऊन निघाले, साधारण ३८५ किलोमीटर चालत दांडीला गेले आणि मीठ उचललं. जिथे समुद्र नाही तिथे काय करायचं? तिथे जंगल कायदा मोडला, आपल्याकडे महाराष्ट्रात बिळाशी, संगमनेर, कळवण ही नावं त्यासाठीच येतात. सोलापूरला तर लोकांनी असा जोर केला की सरकारने लष्करी कायदा लावला, आणि मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे या चौघांना फाशी झाली. ती फाशी दिली १२ जानेवारी १९३१ ला येरवड्याच्या तुरुंगात, म्हणजे आपल्याकडे.

आणि छोडो भारत म्हणजे आता मदत-कायदा वगैरे चर्चाच नको, निघा. ८ ऑगस्ट १९४२, मुंबईचं गवालिया टँक मैदान. पहाट व्हायच्या आत सगळे पुढारी उचलले, म्हणून ही चळवळ लोकांनीच चालवली, साताऱ्याचं प्रतिसरकार, भूमिगत रेडिओ हे सगळं त्यातूनच आलं. "नेतृत्वाशिवाय चाललेली चळवळ" हा मुद्दा लिहिला की बाई-सर खूश होतात.

आता पुणेकरांसाठी खास खुंटी. तिन्ही वेळा गांधीजींना कुठे आणून ठेवलं? पुण्यात! १९२२ ला शिक्षा झाल्यावर येरवडा. तिथे असतानाच अपेंडिक्स झालं आणि जानेवारी १९२४ मध्ये ससूनला ऑपरेशन केलं, मध्येच दिवे गेले आणि कंदिलाच्या उजेडात पूर्ण करावं लागलं. १९३० ला अटक झाली, पुन्हा येरवडा. १९४२ ला आगाखान पॅलेस, म्हणजे नगर रोडला. असहकार म्हणजे येरवडा आणि ससून, कायदेभंग म्हणजे येरवडा आणि सोलापूरचे चौघे, छोडो भारत म्हणजे आगाखान. हे डोक्यात बसलं की साल चुकलं तरी चळवळ चुकत नाही. १९३२ ला ते परत येरवड्यातच होते, तिथेच उपोषण आणि तिथेच डॉ. आंबेडकरांबरोबर पुणे करार. बाहेरगावच्या पोरांना नाव ऐकून वाटतं काहीतरी टेबलावर बसून सभागृहात झालं असेल, तर ते तुरुंगात झालं.

मवाळ आणि जहाल फरक लिहा, चार मार्कांना. काय लिहू?

गोखले आणि टिळक डोळ्यांसमोर आणा. दोघंही पुण्याचे, दोघंही डेक्कन एज्युकेशन सोसायटीत होते, फर्ग्युसनमध्ये दोघांनी शिकवलं. ध्येय दोघांचं देशासाठीच, पद्धत वेगळी. मवाळांचा भर अर्ज, ठराव, कायदेमंडळातली भाषणं, सरकारला पटवून देऊ यावर. जहाल म्हणाले पटवून काही होत नाही, लोकांना उठवा: स्वदेशी, बहिष्कार, राष्ट्रीय शिक्षण, स्वराज्य. १९०५ च्या बंगालच्या फाळणीने हा वाद पेटला, १९०७ ला सुरतेला फूट, १९१६ ला लखनौला परत एकत्र. मवाळ म्हणजे घाबरट असं कृपा करून लिहू नका, दर वर्षी दोघं-तिघं लिहितात. गोखल्यांनी १९०५ ला भारत सेवक समाज काढला, त्यात आयुष्य देशाला देणारी माणसं घडवायची होती, हे घाबरटाचं काम नाही.

"सकारण स्पष्ट करा"ला माझे नेहमी मार्क कापतात. सगळं तर लिहिलेलं असतं.

सगळं लिहिलेलं असतं म्हणूनच कापतात. विचारलेलं असतं का, आणि तुम्ही लिहिता काय-काय झालं.

उदाहरण घ्या: काँग्रेसचं पहिलं अधिवेशन पुण्याऐवजी मुंबईत झालं. बहुतेक उत्तरं अशी: "राष्ट्रीय सभेची स्थापना २८ डिसेंबर १८८५ रोजी झाली. व्योमेशचंद्र बॅनर्जी अध्यक्ष होते. ७२ प्रतिनिधी हजर होते." सगळं खरं, आणि प्रश्नाचं उत्तर कुठेच नाही. उत्तर हे की अधिवेशन पुण्यात घ्यायचं ठरलं होतं, पण ऐन वेळी पुण्यात पटकीची साथ आली, म्हणून ते मुंबईला गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत हलवलं. पुणेकरांच्या जिवाला हे अजून लागलेलं आहे, माझे आजोबा तर काल घडल्यासारखं सांगायचे.

आता पुस्तकात हमखास येणारं बघू, गांधीजींनी मिठाचाच कायदा का निवडला. आधी मीठ गरिबालाही रोज लागतं हे लिहा. मग त्या मिठावर कर बसवलेला आणि ते बनवायची सामान्य माणसाला बंदी. म्हणून हा कायदा अन्यायाचा आहे हे कुणालाही समजावून सांगावं लागत नव्हतं. आणि शेवटी, मीठ उचलणं कुणालाही जमतं, त्यामुळे स्त्रिया, मुलं, खेड्यातले लोक सगळे सामील होऊ शकले. बास, चार वाक्यं, प्रत्येकात एक कारण. दांडीयात्रेचं वर्णन नको, ते टीपा लिहामध्ये.

उत्तर लिहून झालं की स्वतःला विचारा, यातलं एखादं वाक्य "कारण"ने सुरू करता येतंय का? येत नसेल तर उत्तर चुकलं.

चुकीची जोडी ओळखामध्ये सगळे लॉर्ड एकसारखे दिसतात.

दिसतातच. मी स्वतः आठवीत बंगालची फाळणी डलहौसीच्या नावावर टाकली होती, आणि बाईंनी लाल पेनने शेजारी लिहिलं "तेव्हा ते हयात नव्हते". ती वही आईने अजून ठेवलीय.

प्रत्येक लॉर्डला एकच काम चिकटवा. वेलस्ली तैनाती फौज. बेंटिंक सतीबंदी, १८२९. डलहौसी संस्थानं खालसा आणि रेल्वे, १६ एप्रिल १८५३, मुंबई ते ठाणे. लिटन म्हणजे वृत्तपत्रांवर बंधन, १८७८. रिपन म्हणजे स्थानिक स्वराज्य, १८८२. कर्झन फाळणी, १९०५. आयर्विन म्हणजे गांधीजींबरोबरचा करार, मार्च १९३१. माउंटबॅटन सगळ्यांना येतो. आम्ही याच्या चिठ्ठ्या करून फ्रिजवर लावल्या होत्या, दूध काढायला गेलं तरी रिपन दिसायचा.

समतेचा लढा हा धडा ऑप्शनला टाकला तर चालेल का?

अजिबात नाही, आणि का टाकता तेच मला कळत नाही, सगळ्यात जवळचा धडा तो. तुम्हाला रविवारची सुट्टी मिळते ना? ती गिरणी कामगारांसाठी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मिळवली, १० जून १८९० ला. हे सांगितलं की कुठलंही पोरगं ताठ बसतं.

पुणं तर या धड्यात ठासून भरलंय. पंडिता रमाबाईंचं शारदा सदन मुंबईत सुरू होऊन पुण्याला आलं. रमाबाई रानडे यांचं सेवासदन पुण्याचं. या दोन रमाबाई वेगळ्या आहेत, पेपरात एक करू नका. आपण राहतो ते कर्वेनगर कुणाच्या नावाचं? महर्षी कर्वे, ज्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, तो हिंगण्याला म्हणजे इथेच आणला, आणि १९१६ ला महिला विद्यापीठ काढलं. पोरं रोज सायकलने त्या गेटवरून जातात आणि पेपरात विचारलं की डोकं खाजवतात.

महाड चवदार तळं २० मार्च १९२७, मनुस्मृतीचं दहन त्याच वर्षी २५ डिसेंबरला, काळाराम १९३०. आणि १९२९ ला आपल्या पर्वतीच्या देवळात प्रवेशासाठीही सत्याग्रह झाला होता, सत्याग्रहींना दगड खावे लागले होते. सकाळी फिरायला जातात ना सगळे पर्वतीवर, त्याच पायऱ्या. शाहू महाराजांचं ५० टक्के आरक्षण १९०२, हे सुटू देऊ नका.

शेवटचे दोन धडे वाचायला वेळच उरत नाही, थोडक्यात सांग ना.

संस्थानं: जुनागड, हैदराबाद, काश्मीर. हैदराबाद १७ सप्टेंबर १९४८, म्हणूनच तो मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. दादरा-नगर हवेली १९५४. गोवा १९ डिसेंबर १९६१, त्याआधी १९५५ चा सत्याग्रह, ज्यात पुण्याहून नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट गेले होते. संयुक्त महाराष्ट्र: १९४६ ला बेळगावच्या साहित्य संमेलनातला ठराव, दार कमिशन, जेव्हीपी समिती (जवाहरलाल, वल्लभभाई, पट्टाभी), फाजलअली आयोग, ६ फेब्रुवारी १९५६ ला पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती, १ मे १९६० ला राज्य. हा क्रम बोटांवर मोजून म्हणा, सहा बोटं होतात.

सेनापती बापट म्हणजे सेनापती बापट रोडवालेच का?

हो तेच. १९२१ चा मुळशी सत्याग्रह त्यांचा. धरणात शेतकऱ्यांच्या जमिनी जाणार होत्या त्याविरुद्ध. आणि गंमत अशी की ज्या बालभारतीने तुमचं पुस्तक छापलंय तिचं ऑफिस त्याच रस्त्यावर आहे.

एका रविवारी काय काय बघून होईल? अभ्यासासाठी, फिरायला नाही (आईला असंच सांगितलंय).

सकाळी लवकर निघालात तर बरंच होतं. शनिवारवाड्यापासून सुरू करा, आत गेलं नाही तरी दिल्ली दरवाज्यासमोर उभं राहून १७ नोव्हेंबर १८१७ म्हणायचं. तिथून चालत नारायण पेठेत केसरीवाडा, म्हणजे टिळकांचा गायकवाड वाडा. केसरी सुरू झाला १८८१ ला, वाडा नंतर घेतला, ही तारीख गुंतवू नका. तिथे बोलता बोलता १९०८ चा राजद्रोहाचा खटला आणि मंडालेची सहा वर्षं करून टाका.

मग दगडूशेठच्या समोर भिडे वाड्याची जागा. तिथे आता तुम्हाला जुना वाडा दिसणार नाही, तो २०२३ ला पाडला, स्मारक करायचं म्हणून. मी शाळेत असताना तो पडका वाडा बघितलाय, खाली दुकानं आणि वर मोडके वासे, आणि इथे मुलींची शाळा होती हे सांगणारा शोधूनसुद्धा सापडायचा नाही. स्मारकाला माझा विरोध नाही पण इतकी वर्षं घालवायला नको होती. तिथून मंडई, चहा आणि क्रीमरोल, मग गंज पेठेत फुलेवाडा. ती विहीर बघा. आपल्या घरातला हौद त्यांनी अस्पृश्य मानलेल्या लोकांसाठी खुला केला हे धड्यातलं वाक्य तिथे उभं राहून वाचलं की वेगळंच वाटतं, माझ्या अंगावर दर वेळी काटा येतो.

दुपारी मेट्रोने कल्याणीनगरला उतरून रिक्षाने आगाखान पॅलेस. तिथे कस्तुरबा आणि महादेवभाई देसाईंच्या समाध्या आहेत. महादेवभाई १५ ऑगस्ट १९४२ ला गेले, अटकेनंतर आठवड्यातच. कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ ला. १५ ऑगस्ट ही तारीख स्वातंत्र्याच्या पाच वर्षं आधी त्या समाधीवर लिहिलेली बघितली की १९४२ विसरायला होत नाही.

येताना गणेशखिंड रस्त्याने आलात तर चाफेकर पण होतील. १८९७, प्लेगची साथ, प्लेगचा इंग्रज अधिकारी रँड, त्याच्या माणसांनी घराघरात घुसून केलेली तपासणी, सगळं शहर चिडलेलं. २२ जूनला व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला ६० वर्षं झाली म्हणून गव्हर्नरच्या बंगल्यावर मेजवानी, तो बंगला म्हणजे आजची विद्यापीठाची मुख्य इमारत. मेजवानीहून परतताना रँडवर गोळ्या झाडल्या. विद्यापीठ चौकाच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा तास अडकणारच आहात, तेवढ्यात टीप तयार होते.

नेटवर एक तारीख, पुस्तकात दुसरी. कुठली लिहू?

पुस्तकातली. चौरीचौरा कुठे ४ फेब्रुवारी दिसेल कुठे ५, मुलींच्या पहिल्या शाळेची तारीख पण दोन-तीन प्रकारे सांगतात. पेपर तपासणाऱ्याच्या हातात पाठ्यपुस्तक असतं. पुस्तकात नुसतं वर्ष असेल तर नुसतं वर्षच लिहा, तारीख घालून शहाणपणा करायला जाऊ नका. मोबाइलला विचारून बनवलेल्या नोट्सना पण हेच, एकदा पुस्तकाशी ताडून घ्या, त्या कधीकधी खोटंसुद्धा फार ठासून सांगतात.

गाईड वापरू का?

स्वाध्याय तपासायला वापर. गाईडमधून वाचायला सुरुवात केलीस तर "म्हणून" कधीच कळणार नाही, कारण गाईडमध्ये सगळं मुद्देसूद तुकडे करून ठेवलेलं असतं आणि मधला धागा उडालेला असतो.

मुलगा अर्धा तास पुस्तक घेऊन बसतो आणि विचारलं तर काही येत नाही. आम्ही काय करायचं? (आई-बाबांकडून)

काकू, त्याला वाचायला सांगू नका, सांगायला सांगा. तुम्ही पोळ्या लाटताय, तो ओट्याशी उभा राहून तुम्हाला १८५७ सांगेल. तुम्हाला येत असलं तरी येत नाही असं दाखवा आणि मध्ये मध्ये विचारा, "पण त्यांना एवढा राग का आला?" "मग इंग्रजांनी काय केलं?" तो अडकेल, चिडेल, पुस्तक बघून येईल. तेवढं झालं की पक्कं. आमच्या मजल्यावर एक आजी आहेत, त्यांना ऐकायला कमी येतं, त्यांना जो धडा सांगून झाला त्याचे मार्क कधी गेले नाहीत, कारण प्रत्येक वाक्य तीनदा ओरडून सांगावं लागतं. आणि बाजूला उभं राहून "शेजारच्या अमक्याचं झालंसुद्धा" हे कृपया म्हणू नका, त्याचं झालेलं नसतं, मला माहितीय, तो पण माझ्याकडेच येतो.

आदल्या रात्री किती वाजेपर्यंत जागू?

दहा. तो कॅलेंडरचा कागद एकदा बघायचा, कोऱ्या कागदावर न बघता परत काढायचा, जे सुटलं ते तेवढंच वाचायचं. नवीन धडा रात्री उघडायचा नाही, नागरिकशास्त्र मात्र एकदा चाळा, ते याच पेपरात असतं हे अर्ध्या पोरांना सकाळी आठवतं.

पेपर सुटल्यावर तुझ्याकडे येऊन उत्तरं चेक करू का?

नको. दुसऱ्या दिवशी भूगोल आहे, आणि तो मला येत नाही, बी विंगमधल्या काकांना विचारा.